तुझ्या जुन्या नंबरावरून

३ फेब्रुवारी

अगं,

पाकीट बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे मी आणि चिंगी. कागदावर लिहितोय, कारण माझा फोन ती उघडते. तीनदा पासवर्ड बदलला, तिन्ही वेळा तिने ओळखला. तुझं-माझं काही बोलणं वाचलं की तिला वाटतं आपण तिच्यापासून काहीतरी लपवतोय, म्हणजे तुला काहीतरी झालंय. आणि प्रत्यक्ष बोलायचं म्हटलं, तर चौदा महिन्यांत आपण दोघं ‘देतो तिला’ आणि ‘दे तिला’ याच्या पुढे गेलेलो नाही. उत्तर लिहिलंस तर लॅबच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

परवा तिला त्या बाईंकडे नेलं. हो, त्याच. मुलांच्या मनाचे आजार बघतात त्या. तू परदेशातल्या इस्पितळात नोकरीला जायच्या आधी त्यांचं कार्ड फ्रिजवर लावून गेली होतीस आणि मी म्हणालो होतो की पोरीला डॉक्टर नको, दोन रट्टे हवेत. ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात. मधल्या काळात मी टॉनिक पाजलं, ओरडलो, सायकलचं आमिष दाखवलं, टॅब कपाटात कोंडला. काही उपयोग झाला नाही. शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. गेल्या महिन्यात सहा दिवस हजेरी. असंच चाललं तर सातवीला परत बसवतील. मैत्रिणी पुढे जातील आणि ती त्याच बाकावर राहील, हे ऐकून ती रडलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, ‘शाळेत फोन नेऊ देत नाहीत ना, बाबा.’

दिवसातून चाळीसदा ती तुला ‘ठीक आहेस ना?’ विचारते आणि तू चाळीसदा ‘हो गं बाळा’ लिहितेस. पेशंटच्या उशाशी उभी राहून लिहीत असशील, मला माहीत आहे. बाईंनी यावरच बोट ठेवलं. प्रत्येक उत्तराने तिची भीती दहा मिनिटं गप्प बसते आणि मग जास्त भूक घेऊन परत येते. म्हणजे आपण दोघं मिळून त्या भीतीला नीट खाऊपिऊ घालत होतो. तू फोनवरून, मी घरात.

खोली साधी आहे. तीन खुर्च्या, एक घड्याळ, एक पांढरा फळा. बाई माझ्याशी कमी आणि चिंगीशी जास्त बोलल्या. फळ्यावर शिडी काढली. सगळ्यांत खालची पायरी, एक निरोप पाठवायचा टाळून पंधरा मिनिटं बसायचं. सगळ्यांत वरची, ‘आईला काही झालंय का, मला माहीत नाही’ असं मोठ्याने म्हणायचं आणि कोणालाही न विचारता बसून राहायचं. प्रत्येक वेळी भीती किती ते शून्य ते दहा सांगायचं आणि तक्त्यात लिहायचं. चिंगीने त्यांचं नावच पाडलंय, शिडीवाल्या बाई.

मी विचारलं, याने नक्की बरी होईल? त्या म्हणाल्या, नक्की कोणालाच सांगता येत नाही. पण हा उपाय माझ्या डोक्यातून निघालेला नाही, हजारो मुलांवर तपासलेला आहे, बऱ्याच जणांना गुण येतो, आणि नाहीच आला तर जोडीला गोळी असते, तेव्हा बोलू. मला बरं वाटलं. लॅबमध्ये बनवलेली कवळी बसेलच अशी लेखी हमी मीही कधी कोणाला दिलेली नाही.

आता तुझ्याकडे मागणं. हे पत्र मिळालं की तिच्या एकाही निरोपाला उत्तर द्यायचं नाही. रविवारी पाच वाजता ठरलेला फोन, बस. तिला हे बाईंनी समजावलंय, तुझ्याशीही त्या बोलतील. मला माहीत आहे मी काय मागतोय. पण मागतो.

— मी


२० फेब्रुवारी

अगं,

तू थांबलीस. पहिल्याच दिवशी थांबलीस. मला वाटलं होतं तुला आठवडा लागेल. तुझ्याबद्दल माझे अंदाज नेहमीच चुकतात.

सोमवारी सकाळी ती एक बूट घालून चपलांच्या कपाटावर बसली ती तासभर उठली नाही. आकडा नऊ. ‘बाबा, एकदाच सांग ना, ती ठीक आहे ना?’ बाईंनी मला एक वाक्य शिकवलंय. ‘हा प्रश्न तुझी भीती विचारतेय, मी तिला उत्तर देणार नाही, पण मी तुझ्याजवळ बसतो.’ शाळेतल्या नाटकात शिपायाचं काम करणाऱ्या पोरासारखं मी ते म्हटलं. ती किंचाळली, ‘तू आई नाहीस, तू तक्ता आहेस!’ शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं आणि बंद केलं. मी लॅबमध्ये दीड तास उशिरा पोचलो. मालकांनी तोंड वाकडं केलं, सहा कवळ्या पॉलिशला पडून होत्या. काही बोलले नाहीत, ही मेहेरबानीच.

पण ऐक, दुसऱ्या आठवड्यात आकडे उतरले! नऊचे सात, मग पाच. आता संध्याकाळी घरी येतो तर ती स्वतःच तक्ता पुढे करते. बुधवारी ‘चार’ लिहिलं होतं. मी तिला चौथ्या पायरीसाठी रंगपेटी आणून दिली. बाई म्हणाल्या, बक्षीस धाडसाला द्या, आकड्याला नको. बरं बाई.

तू विचारलंस, जुना नंबर बंद केला का. करतो. बँकेत नंबर बदलायचाय, त्यासाठी रजा काढावी लागेल. वेळ मिळत नाही गं.

तुझं पत्र लॅबमध्ये मेणकाकांनी आणून दिलं. ते समोरच्या टेबलावर मेणात दात लावतात, पंचवीस वर्षं तेच करतात. पाकिटावर तुझं अक्षर बघून म्हणाले, ‘वहिनी रुसवा सोडतायत वाटतं?’ मी म्हटलं, काका, दात सरळ लावा.

— मी


१५ मार्च

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. राजीनामा टाकून येते म्हणतेस.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला. इतका की लाज वाटली. गेले वर्षभर मला हेच हवं होतं, तुला कोणीतरी फरफटत परत आणावं आणि तू म्हणावंस की माझं चुकलं. तू निघालीस त्या दिवशी दारात मी तुला म्हणालो होतो, ‘पोरीला टाकून चाललीस.’ चिंगी आत होती. तिने ऐकलं होतं.

म्हणून मी बाईंना जरा उड्या मारतच विचारलं, की आई परत आली तर प्रश्नच मिटला ना? त्या मग म्हणाल्या, ‘आई कोपऱ्यावर भाजी आणायला गेली की ती काय करायची?’ आणि मला आठवलं. तुझ्या जाण्याच्या कितीतरी आधी, नऊ वर्षांची असताना, ती खिडकीत उभी राहून तू वळणावर दिसेपर्यंत जप केल्यासारखं काहीतरी पुटपुटायची. तू म्हणायचीस, हे बरोबर नाही. मी म्हणायचो, आईवेडी आहे. म्हणजे तुझ्या जाण्याने हे झालेलं नाही. आधीपासून होतं, तुला दिसलं होतं, मला दिसायला नको होतं. चौदा महिने मी हे तुझ्या माथी मारलं. चुकलं माझं.

तू येऊ नकोस असं म्हणत नाही. तुझं कंत्राट संपल्यावर ये, किंवा तुला यावंसं वाटलं तर ये. तिला बरं करायला म्हणून येऊ नकोस. बाई म्हणतात, तू आलीस तर भीती तुझ्या भाजीच्या पिशवीमागे लागेल.

बाकी एक घोळ आहे. तक्ता म्हणतो ती दोनवर आली. शाळा म्हणते ती अजून आठवड्यातून दोनच दिवस येते. बाईंनी तक्ता उलटासुलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘आकडे उतरतायत आणि पाऊल उचलत नाही, असं सहसा होत नाही. घरात कुठून तरी उत्तर मिळतंय का तिला?’

मी नाही म्हणालो.

— मी


२९ मार्च

अगं,

हे पत्र बसून वाच.

तू जाताना जुनं सिम माझ्याकडे दिलंस, बँकेचे निरोप येतात म्हणून. चिंगीला वाटतं, तू दोन्ही नंबर बरोबर नेलेत. ती पहिल्यापासून प्रत्येक निरोप दोन्हीकडे पाठवते. एकीकडे पोचला नाही तर दुसरीकडे पोचेल, हा तिचा विचार. ते सिम एका जुन्या फोनात घालून मी लॅबमध्ये ठेवलंय, दातांच्या रंगांच्या पट्ट्या असतात त्या खणात.

तू उत्तरं थांबवलीस त्या सोमवारी खण वाजायचा थांबेना. ‘ठीक आहेस ना?’ ‘आई?’ ‘आई एकदाच.’ दुपारी एकपर्यंत सतरा. माझ्या हातात एका आजोबांची खालची कवळी होती, ती मी जास्त घासली, कड पातळ झाली, परत करावी लागली. मंगळवारी बावीस. बुधवारी मी खण उघडला आणि तुझ्या नंबरावरून लिहिलं, ‘हो बाळा.’

दोन शब्द. खण गप्प झाला. मी तासभर छान काम केलं.

मग रोज. सहा आठवडे. वाटायचं, एवढं एक देतो, बाकी सगळं बाईंच्या म्हणण्याप्रमाणे करतो. घरी गेल्यावर तेच शिपायाचं वाक्य म्हणायचो, जवळ बसायचो, तक्ता भरायचो, आणि आकडा उतरला की बाप म्हणून माझी छाती फुगायची. तू तिकडे दात-ओठ खाऊन गप्प राहत होतीस आणि इकडे मी तुझं नाव वापरून तिच्या भीतीला चारत होतो. उपाय चुकीचा नव्हता गं. आम्ही तो कधी केलाच नव्हता.

सांगायचं धाडस झालं नसतं. मेणकाकांमुळे झालं. त्यांनी परवा खणातून रंगाची पट्टी काढली, फोन चमकला, त्यांनी वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, ‘कोणाला फसवतोयस रे?’ मी खण लावून घेतला. ते परत मेणाकडे वळले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. काका गप्प बसणारा माणूस नाही, तुला माहीत आहे.

उद्या बाईंना सांगणार आणि मग चिंगीला. सिम बंद करून टाकलंय. ती माझ्यावर परत विश्वास ठेवेल का, माहीत नाही. तू ठेवशील का, हे विचारायला मला तोंडही नाही.

— मी


६ एप्रिल

अगं,

बाई रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं हाकलून देतील. म्हणाल्या, आईबापांकडून हे होतं, पोराचं तळमळणं बघवत नाही, म्हणून तर बापालाही घरचा अभ्यास देतात. मग म्हणाल्या, आता तिला सांगा, माझ्यासमोर सांगा, आणि सांगताना रडलात तरी चालेल, पण तिच्याकडून सांत्वन मागू नका.

चिंगी खुर्चीत मांडी घालून बसली होती. मी सांगितलं. सगळं. खण, फोन, ‘हो बाळा’. सांगून झालं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

ती म्हणाली, ‘माहीत आहे.’

मी म्हटलं, काय माहीत आहे?

‘तूच होतास ते. आईची कामाची पाळी बदलते, कधी सकाळी, कधी दुपारी. आणि तुझी उत्तरं फक्त दहा ते सहा यायची. जेवणाच्या सुट्टीत नाही. रविवारी तर कधीच नाही.’

मला वाटलं जमीन फाटावी. बाईंनी शांतपणे विचारलं, मग तू विचारत का राहिलीस? ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, ‘नाही विचारलं तर बाबा घाबरायचे. घरी येऊन माझं तोंड बघत बसायचे. उत्तर दिलं की ते बरे असायचे.’ आणि आकडे? ते दोन, ते चार? ‘ते मी असेच लिहायचे. बाबा इतके खूश व्हायचे.’

अगं, ती माझ्यावर उपचार करत होती. आपली बारा वर्षांची पोरगी, स्वतःचा जीव टांगणीला लावून, रोज संध्याकाळी मला बरा करत होती!

आणि तिची भीती? ती तशीच होती. माझ्या उत्तरांनी तिला काडीचं समाधान मिळत नव्हतं, म्हणून तिने दुसरा रस्ता शोधला होता. न्हाणीघराचं दार लावून ती मी परत दिलेल्या टॅबवर तू राहतेस त्या गावच्या बातम्या बघायची. तिथली भाषा तिला येत नाही. नुसते फोटो. रुग्णवाहिका दिसली, मोडकी गाडी दिसली की फोटो मोठा करून तुझा कोट दिसतो का शोधायची. रोज दोन-दोन तास. मी बाहेरून दार वाजवून म्हणायचो, अगं किती पाणी वाया घालवशील.

बाईंनी जुना तक्ता फाडला नाही, फायलीत ठेवला. नवा कागद घेतला. चिंगीला म्हणाल्या, ‘आता खरे आकडे. मोठे असले तरी चालतील. बाबांना सोसतील.’ माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘सोसतील ना?’ मी मान हलवली.

पहिला खरा आकडा, दहा. न्हाणीघर बंद, टॅब बाईंच्या कपाटात, आणि ती माझ्या शेजारी सोफ्यावर उशी चावत. पन्नास मिनिटांनी सात. कोणी उत्तर दिलं नव्हतं, कोणी खोटं बोललं नव्हतं, आपोआप सात. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हे खरं आहे हां.’ मी पहिल्यांदाच तिच्यावर विश्वास ठेवला.

तू रागावली असशील. लिही तसं. शिव्या दे, त्या मी वाचेन.

— मी


४ मे

अगं,

तुझं उत्तर आलेलं नाही. चार आठवडे झाले. रविवारी पाचला तू फोनवर चिंगीशी बोलतेस तेव्हा माझी चौकशी करत नाहीस, आणि मला कळतं. ते माझं मला भोगू दे. आज वेगळं सांगायचंय.

शाळा आता आठवड्यातून चार दिवस होते. पाचव्या दिवशी गणिताची चाचणी असते, त्याला बाई म्हणतात ही साधी आळशी भीती, हिच्यासाठी शिडी नको. वर्गशिक्षिकांनी लिहून दिलंय, हजेरी अशीच राहिली तर परत बसवणार नाहीत. शेवटची पायरी राहिली होती. बाईंनी तुला कळवलं होतंच, या रविवारी फोन करायचा नाही आणि आठवडाभर काही कळवायचंही नाही. तू ‘बरं’ एवढंच लिहिलंस म्हणे. तेही गेल्या सोमवारी. त्यानंतर तुझ्याकडून कोणालाही काही नाही.

आज रविवार. पाच वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. फोन मधोमध, पालथा. पाच वाजले. वाजला नाही. सव्वापाच. तिचे ओठ पांढरे पडले. तिने ते वाक्य म्हटलं, मोठ्याने, तुटत तुटत. ‘आईला काही झालंय का, मला माहीत नाही. झालं असेलही.’

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. ‘पण तुला माहीत आहे ना, बाबा? बाईंनी सांगितलं असेल ना तुला?’

मला शिपायाचं वाक्य आठवलं. ते म्हणावंसं वाटलं नाही. मी खरं सांगितलं. म्हटलं, ‘नाही गं. मला कोणी काही सांगितलेलं नाही. सहा दिवस तिचं काहीही कळलेलं नाही. ती ठीक असेल. नसेलही. मलाही माहीत नाही.’

हे मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. तिच्यासाठी म्हटलं आणि मलाच धडकलं. तू तिकडे एकटी राहतेस, तुझ्या जिन्याला कठडा नाही असं तू एकदा लिहिलं होतंस, तू माझ्यावर रागावलेली आहेस, आणि तुला काही झालं तर मला सांगणारं तिथे कोणी नाही. चौदा महिने, आता सतरा, मी तुझ्यावर चिडून काढले. चिडलेल्या माणसाला काळजी करावी लागत नाही.

साडेपाच. तिने ‘आठ’ लिहिलं. पावणेसहा, ‘सहा’. ती बोटांनी टेबलावर रेघा ओढत होती. सहा वाजून दहा मिनिटांनी तिने ‘तीन’ लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘भूक लागली.’

मी फोनकडेच बघत होतो. तिने मला निरखून बघितलं. ‘बाबा, तुझा आकडा किती?’

खोटं बोलणार होतो. नाही बोललो. ‘नऊ.’

माझा हात फोनकडे गेला होता, मला कळलंही नव्हतं. एकच निरोप, अगं, ‘ठीक आहेस ना’, एवढाच, तिला कळणारही नाही अशा बेताने. मी खुर्ची मागे सारली, म्हटलं, जरा बाहेर जाऊन येतो.

तिने फोन माझ्या हाताखालून ओढून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला. मग खुर्ची उचलून माझ्या बाजूला आणली, अगदी खेटून बसली.

‘उठू नकोस,’ म्हणाली. ‘उतरतं ते. मी बसते तुझ्याजवळ.’

आत्ता साडेसात वाजलेत. ती शेजारी पाव चावत बसली आहे आणि मी हे लिहितोय. माझा आकडा पाच आहे.

— मी